कोरडेभाऊंची सांज

दिवस कलायला लागला की कोरडेभाऊ आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर येऊन बसायचे. औषधासाठी नाही, कुणाला भेटायला नाही. चपला खाली काढून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आणि अंधार नीट पडला, घराघरांत जेवणं सुरू झाली, की आले तसे उठून जायचे. मी नर्स म्हणून त्या गावात हजर झाले त्याच संध्याकाळी हा उंच, वाळका, पाण्यात राहून राहून काळवंडलेला माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, इथी जरासं बसू का? मले दुखत-खुपत काई नाई."

मी बसा म्हटलं, पण मनात धाकधूक होती. नवं गाव, मागे क्वार्टर, मी एकटी. नवरा चंद्रपूरला नोकरीला, शनिवार-रविवार सोडला तर आमची गाठ फोनवरच. दुसऱ्या दिवशी मी आशाताईला विचारलं की हा माणूस कोण आणि इथं काय करतो. ती माझ्यासोबत काम करणारी, गावातलीच. ती म्हणाली, "बसू द्या बाई. थे त्याइची पेयाची वेळ आहे."

मग तिनंच समजावून सांगितलं. धानोऱ्याकडच्या रस्त्यावरचं आमचं गाव एका मोठ्या तलावाच्या काठावर वसलेलं. अर्धी वस्ती धानवाल्यांची, अर्धी मासे धरणाऱ्या ढिवरांची. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून दुकान नव्हतं. पण मोहाची हातभट्टी कुठल्या घरी मिळते हे सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी जाळी वाळत टाकली की माणसं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायची आणि तिथून त्या घराकडे जायची. कोरडेभाऊ कित्येक वर्षं त्यांत सगळ्यांच्या पुढे असत. मी यायच्या काही महिने आधी त्यांनी पिणं थांबवलं होतं. बाकी दिवस कसाही जाई, ती एक वेळ जात नसे. म्हणून ती वेळ ते आमच्या बाकड्यावर काढत होते. दवाखान्याच्या दारात कुणी ग्लास पुढे करणार नाही, एवढाच त्यातला हिशेब.

'कोरडा' हे त्यांचं नाव नव्हे, आडनावही नव्हे. ते महादेवनं ठेवलेलं. महादेव म्हणजे त्यांचा जन्माचा जोडीदार; डोंग्यात एक टोक याचं, एक टोक त्याचं. मासळीची वाटणी झाल्यावर बाटली फिरायला लागली आणि यांनी हात आखडता घेतला, तेव्हा महादेव हसून म्हणाला होता की आपल्यात आता एक कोरडा ढिवर निघाला. सारे खदखदून हसले आणि नाव चिकटलं. मी नवखी, मला वाटलं आडनावच कोरडे असावं, म्हणून मी सरळ कोरडेभाऊ म्हणायला लागले. चूक कळल्यावर मी ओशाळले, तर ते म्हणाले, "राहू द्या. तुमच्या तोंडून चांगलं वाटते."

बोलणं फार नव्हतं त्यांचं. मी रजिस्टरं लिहीत बसायची, ते रस्ता बघत बसायचे. मी चहा केला की एक कप त्यांनाही द्यायची. कधी येताना पळसाच्या पानात गुंडाळून मूठभर झिंगे आणायचे आणि न सांगता खिडकीत ठेवून द्यायचे. आम्ही दोघंही त्या वेळी एकटे होतो, पण माझं एकटेपण शनिवारपर्यंतचं होतं. त्यांची बायको रेवता मुलीला घेऊन गडचांदूरला भावाकडे निघून गेली होती. तिचा भाऊ चुनखडीच्या खाणीत कामाला. तीही तिथं लोकांच्या घरी धुणीभांडी करून मुलीला शिकवत होती. इकडे भाऊंचं घर म्हणजे दोन खोल्या, एक चूल आणि दाराशी वाळणारं जाळं.

गावातले लोक म्हणत, बायको गेली म्हणून शुद्धीवर आला. हे कुणी त्यांच्यासमोर म्हटलं की ते लगेच दुरुस्त करत. एकदा मलाही त्यांनी सांगितलं की रेवता गेली तेव्हा पिणं सुटलं नाही, उलट वाढलं. विचारणारं कुणी उरलं नाही, तर दिवसाही प्यायला लागले. थांबलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तलावात कुणी बुडालं की पोलीस ढिवरांना बोलावतात, आणि आमच्या गावात तळाशी जाऊन माणूस वर आणणारा म्हणजे कोरडेभाऊ. त्यांच्यासारखा दम कुणाचा नव्हता. एका सकाळी शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीतली, एक बाई कपडे धुताना पाय घसरून बुडाली. यांना बोलवायला माणसं आली तेव्हा हे धड उभे राहू शकत नव्हते. तरी पाण्यात उतरले. दोनदा बुडी मारली, दोनदा रिकाम्या हातानं वर आले आणि तिसऱ्यांदा काठावरच ओकून पडले. बाकीच्यांनी जाळी टाकून पाहिली, पण प्रेत दुसऱ्या दिवशी स्वतःच वर आलं. तोवर त्या बाईचा नवरा रात्रंदिवस पाळीवर बसून होता.

"थो मले एक शब्द बोलला नाई," भाऊ म्हणाले. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. नुसता पाहून राह्यला होता."

त्यानंतर ते आपल्या पायांनी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले. तिथले पहिले दिवस त्यांनी कधी नीट सांगितले नाहीत. हात थरथरायचे, अंगाला दरदरून घाम यायचा, भिंतीवरून खेकडे चालताना दिसायचे, एवढंच. ते खेकडे खोटे आहेत हे आपल्याला कळत होतं आणि तरी आपण पाय वर घेऊन बसत होतो, हे सांगताना मात्र ते हसले होते. दवाखान्यातून सुटल्यावर आठवड्यातून एकदा ते गडचिरोलीला बैठकीला जायचे. दारू सोडलेली माणसं तिथं गोल बसतात आणि ज्याला बोलायचं तो बोलतो. भाऊ बोलत नसत. बसची वाट बघण्यात आणि प्रवासात दिवस मोडायचा, पण त्या दिवशी परतल्यावर त्यांचा चेहरा जरा मोकळा असे.

कुणी कौतुकानं म्हटलं की भाऊ, तुमची सुटली बरं, तर त्यांना ते आवडत नसे. "सुटली नाई," ते म्हणायचे. "बसून आहे. मी हललो का थे बी हलते." सुरुवातीला मला हे बोलणं अति सावधपणाचं वाटे. मग त्यांचं घसरणं मी स्वतः पाहिलं.

ते दुःखाच्या दिवशी घसरले नाहीत. तलावाची मोठी मासेमारी होती. पाणी उतरलेलं, मच्छीमार सोसायटीची सारी माणसं एका वेळी जाळी घेऊन उतरलेली. रोहू, कतला, मरळ, पाळीवर नुसता ढीग. भाऊंच्या जाळ्यात सगळ्यांत मोठा मासा आला आणि पोरं त्यांच्या नावानं ओरडत होती. मीही बघायला गेले होते. इतकं उजळलेलं तोंड मी त्यांचं पूर्वी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाकडं रिकामं राहिलं. दुसऱ्या संध्याकाळीही. आशाताईनं मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काही दिवसांनी ते आले, पण बाकड्यावर बसले नाहीत. खालच्या पायरीवर बसले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, हात काखेत दाबून धरलेले. मी चहा आणून शेजारी ठेवला. कप उचलला तर हिंदकळेल हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते वाकून तसाच प्यायले. म्हणाले, "मले वाटलं, आता मी बरा झालो. बरा झालेला मानूस एखांदी पेऊ शकते. थेच चुकलं." मग म्हणाले की आता पहिल्यापासून धरावं लागेल. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दवाखान्यात पाठवलं. आठवडाभरानं परतले तेव्हा पुन्हा बाकड्यावर बसले. त्यानंतर मी तिथं असेपर्यंत ते प्यायले नाहीत.

न पिणाऱ्या माणसाला गाव कसं सोडून देतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. कुणी मुद्दाम वाईट वागत नाही. पण बारशाला, लग्नाला, तेराव्याला त्यांना बोलवायचं राहून जायला लागलं. आला तर जेवून लगेच जाईल, मग बोलवायचं कशाला, असं लोकांना वाटे. थंडीत पाण्यात उतरण्याआधी माणसं घोट घेऊन उतरत. भाऊ त्यांच्यात नको म्हणून पहाट उलटून ऊन आल्यावर एकटेच डोंगा काढायला लागले. डोंग्याचं दुसरं टोक रिकामं. उशिरा उतरणाऱ्याला मासळीही उशिरा आणि थोडी. मी एकदा विचारलं की जुन्या लोकांची आठवण येते का. ते म्हणाले, "पेत होतो तवा साऱ्या गावाची सोबत होती, बाई. खोटी होती म्हनतात बैठकीत. पन होती तं खरी."

वर्षातून दोन-तीनदा ते गडचांदूरला जायचे. धुतलेला सदरा, पिशवीत सुके झिंगे आणि मुलीसाठी काहीतरी. पूर्वी ते गेले की रेवताचा भाऊ त्यांना अंगणातच थांबवून तोंड उघडायला लावी आणि वास घेई. हे स्वतःहून पुढे होऊन तोंड उघडत. दोन-तीन वर्षं अशी गेल्यावर भावानं ते बंद केलं, खुर्ची द्यायला लागला. तेव्हा भाऊंना वाटलं, आता बोलायला हरकत नाही. त्या वेळी निघण्याआधी घराला चुना लावला, चूल नवी घातली, आशाताईकडून एक चांगली चादर आणवून खाटेवर अंथरली. मला म्हणाले की रेवताला न्यायला चाललो.

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटेच परतले. बसमधून उतरले ते घरी न जाता सरळ बाकड्यावर आले. पिशवी मांडीवर. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि त्या दिवशी रजिस्टर उघडलं नाही. तेव्हा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात बंदी उठून दुकानं पुन्हा उघडली होती. येताना त्यांची बस अशा कितीतरी दुकानांसमोरून आली असणार. ते काय बोलतात याकडे माझे कान लागले होते आणि मनात भीती होती.

रेवतानं नीट पाहुणचार केला, त्यांनी सांगितलं. जेवू घातलं. आपल्या भावासमोर नाही, परसात बसून बोलली. म्हणाली, "तुमी चांगले झाले, मले दिसून राह्यलं. पन माह्यं भेव नाई गेलं. दार वाजलं का आजही मले धडकी भरते. मी काय करू?"

"मंग तुमी काय म्हटलं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलून बोलून माझीही भाषा बदलली होती.

"काय म्हननार? थिचं खरं आहे." मग ते म्हणाले, "मी पेनं थांबवू शकलो. थिच्या आतलं भेव मले थोडंच थांबवता येते."

त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. उठताना मी म्हटलं, जेवून जा. ते जेवले, ताट स्वतः धुतलं आणि गेले. दुसऱ्या संध्याकाळी ते येतात की नाही म्हणून मी दिवस कलायच्या आधीच व्हरांड्यात येऊन उभी राहिले होते. रस्त्याच्या टोकाला त्यांचा उंच आकार दिसला तेव्हा मी घाईनं आत गेले. वाट पाहत होते हे त्यांना दिसू नये म्हणून.

पुढे मुलीचं लग्न ठरलं. निरोप फोनवर आला. त्यांनी मला सोबत येता का म्हणून विचारलं, आणि मी रजा टाकली. मांडवात ते मागच्या ओळीत बसले. मुलीचा हात मामानं दिला. इतकी वर्षं त्यानंच वाढवली, तेव्हा ते रीतीनंच झालं. भाऊंनी अक्षता टाकल्या त्या पुढच्या माणसांच्या डोक्यांवर पडल्या, नवरानवरीपर्यंत पोचल्या नाहीत. मग नात्यातला कुणी एक त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मांडवामागे नेऊ लागला. पोरीच्या लग्नात तरी घ्या म्हणत होता. भाऊंनी त्याचा हात हळूच काढला आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तिथल्या झाडांवर सिमेंट कारखान्याची धूळ बसलेली असते, पानं करडी दिसतात. त्या झाडांखाली बराच वेळ ते उन्हातान्हात उभे होते. मी जवळ गेले नाही. कुणी जवळ येऊ नये, असंच ते उभे होते.

पाठवणीच्या आधी मुलगी शोधत आली. शालू सावरत, दोन मैत्रिणींसोबत. बापलेकीत बोलण्याची सवय राहिलेली नव्हती. ती पाया पडली, उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, जेवले का?"

ते म्हणाले, "जेवतो."

आणि खरंच, वऱ्हाड निघून गेल्यावर ते आचाऱ्यांच्या पंगतीला बसून पोटभर जेवले. परतीच्या बसमध्ये वाटेतलं मूल शहर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "थिनं जेवले का म्हनून इचारलं." आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

महादेवचं प्रकरण त्यानंतरचं. महादेवची बायको एका दुपारी त्याला धरून उपकेंद्रात घेऊन आली. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. गडचिरोलीला न्यावं लागणार होतं, आणि सोबत जायला त्याच्या पिणाऱ्या मित्रांपैकी कुणी मोकळं नव्हतं. कोरडेभाऊ गेले. त्याला खेकडे दिसायला लागले तेव्हा हे खाटेच्या कडेला बसून होते. त्याची घाण काढली, त्याच्या शिव्या ऐकल्या. महादेव जगला आणि त्यानंही पिणं थांबवलं. गावी परतल्यावर दोघं मिळून बाकड्यावर बसायला लागले. ते दिवस मला फार आवडले. महादेव बडबड्या, भाऊंना मोकळेपणी हसताना मी तेव्हा ऐकलं. डोंग्याचं दुसरं टोकही पुन्हा भरलं.

पण महादेवच्या घरी बायको होती, सून होती, रांगतं नातवंड होतं. हळूहळू तो उशिरा यायला लागला, मग एक दिवसाआड, मग येईनासा झाला. पिऊन नव्हे, सकाळी दोघं डोंग्यात बरोबरच असत. मला त्याचा राग आला आणि मी तो भाऊंजवळ बोलून दाखवला. ते म्हणाले, "काऊन रागावता? त्याची सांज आता घरी जाते. थेच पाह्यजे होतं नं." हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पण त्यांनी बाकड्यावरची महादेवची जागा हातानं पुसली, आणि नंतर ती जागा मोकळी सोडून आपल्या टोकाला बसले.

माझी चंद्रपूरला बदली झाली. इतकी वर्षं मीच मागत होते, आणि हुकूम आल्यावर मला पहिली आठवण बाकड्याची आली. भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. तुमच्या साहेबाजवळ राहायला मिळेल, चांगलं झालं, म्हणाले. नवी बाई कधी येणार ते ठरलं नव्हतं. तोवर उपकेंद्र संध्याकाळी बंद राहणार होतं.

निघायला थोडे दिवस उरले असताना एका संध्याकाळी ते आले नाहीत. मग एक दिवस आले, पुन्हा दोन दिवस नाही. आशाताईला विचारलं तर तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्या जिवाला घोर लागला. माझ्या जाण्यानं हा माणूस मोडला तर, असं सारखं मनात यायचं. शेवटी मी उपकेंद्राला कुलूप घातलं आणि ढिवर वस्तीत त्यांच्या घराकडे गेले. इतक्या वर्षांत मी तिथं संध्याकाळची कधी गेले नव्हते. पाळीवरून माणसांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. मोहाचा वास अख्ख्या गल्लीत होता.

भाऊ दारात बसले होते. दोन्ही हात मांड्यांवर, तोंड रस्त्याकडे. मला बघून उठले, आत जाऊन खाटेवरची चादर काढून आणली आणि ओट्यावर अंथरली. मी न विचारता त्यांना कळलं मी कशाला आले ते.

"पेलो नाई, बाई," ते म्हणाले. "सराव करून राह्यलो. तुमी गेल्यावर एकदम जमनार नाई, म्हनून आतापासून मधामधात घरी बसून पाहून राह्यलो."

पाळीवरून कुणीतरी त्यांच्याच वयाचा माणूस गाणं म्हणत आमच्या समोरून गेला. त्यानं भाऊंकडे बघितलं नाही, भाऊंनी बघितलं. तो वळून दिसेनासा होईपर्यंत बघितलं.

मी विचारलं, "करमते का?"

"नाई करमत," ते म्हणाले. "पन बसता येते."

अंधार पडेपर्यंत मी त्यांच्या ओट्यावर बसले. घराघरांत जेवणं सुरू झाली तशी मी उठले. त्यांनी मला वस्तीच्या टोकापर्यंत सोडलं, आणि पाळीकडे न बघता आपल्या घराकडे परत गेले.